घरचा कंदील

पत्र : आदरणीय बाईंना सादर नमस्कार. मी सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी भागात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत सहा वर्षांपासून शिकवते. एकूण सेवा १७ वर्षांची आहे आणि पटावर ३८ मुले आहेत. राहायला तालुक्याच्या गावी आहे. घाटरस्त्याने १४ किलोमीटर स्कूटीवर जाऊन-येऊन करते. पती पतसंस्थेत नोकरीला आहेत, मुलगा दहावीत आहे, मुलगी सहावीत आहे आणि सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया गेल्या दिवाळीनंतर झाली. शाळेखेरीज मी सकाळी शिष्यवृत्तीचा जादा वर्ग घेते, संध्याकाळी समाजमंदिरात तीन दिवस अभ्यासवर्ग घेते, रविवारी पुस्तकांची पेटी उघडते, बचत गटाचे दप्तर लिहिते आणि यात्रा कमिटीची खजिनदार आहे. शिवाय बीएलओचे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून मतदार यादीचे, काम आहेच. माझ्या पर्समध्ये घराच्या चावीखेरीज पाच चाव्या आहेत. मागच्या महिन्यात मुलीच्या शाळेतल्या पालक सभेला नेहमीप्रमाणे हेच गेले. तिथल्या बाईंनी विचारले, ‘मुलीची आई काय करते?’ हे म्हणाले, ‘दुसऱ्यांच्या पालक सभा घेते.’ घरी येऊन त्यांनी मला ते जसेच्या तसे सांगितले आणि नंतर आम्ही दोघेही जेवलो नाही. शिक्षकी पेशा हे व्रत आहे असे डी.एड.ला असल्यापासून ऐकत आले आहे. आता हे सगळे सोडून द्यावे का? आणि सोडले तर संध्याकाळी समाजमंदिरात येणारी मुले कुठे जातील?

उत्तर :

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातले पतीचे वाक्य माझ्या मनात रुतून बसले, हे खरे आहे. परंतु त्याहूनही अधिक माझे लक्ष त्या पाच चाव्यांकडे गेले. ‘हे सगळे सोडून द्यावे का’ असे तुम्ही विचारता, तेव्हा त्या ‘सगळे’ या शब्दात पाच निराळ्या स्वभावाची कामे एकत्र बांधली गेली आहेत. त्यांतले एक तुमच्या जिवाचे आहे, तीन तुमच्याकडे सवयीने आली आहेत, एक तुमच्याकडे असताच कामा नये, आणि सहावे, ज्याला चावी नाही, ते सरकारी आदेशाचे आहे. सगळे सोडणे आणि सगळे धरून ठेवणे या दोन्हींत विचार करण्याचा त्रास वाचतो, आणि म्हणूनच थकलेल्या माणसाला तेवढे दोनच मार्ग दिसतात.

प्रथम त्या ‘व्रत’ या शब्दाविषयी लिहिते, कारण तुमच्या पत्रातली अपराधी भावना तिथूनच आली आहे. माझ्या ३४ वर्षांच्या नोकरीत पाच सप्टेंबरला आणि तीन जानेवारीला हा शब्द मी व्यासपीठावरून इतक्यांदा ऐकला की त्याचा अर्थ विचारण्याचे कोणालाच सुचत नसे. व्रताचे नियम आपल्या आया-आज्यांना व्यासपीठावरच्या वक्त्यांपेक्षा चांगले ठाऊक होते. व्रताला संकल्प असतो, अवधी असतो आणि उद्यापन असते. सोळा सोमवारांचे व्रत करणारी बाई सतराव्या सोमवारी उद्यापन करते आणि त्यात तिला कोणी स्वार्थी म्हणत नाही. जे कोणत्या दिवशी सुरू केले ते आठवत नाही आणि कोणत्या दिवशी संपेल ते सांगता येत नाही, त्याला व्रत म्हणणे हा त्या शब्दावर अन्याय आहे. यात्रा कमिटीचे खजिनदारपद तुम्ही कोणत्या दिवशी संकल्प सोडून घेतले होते, ते आठवून पाहा. माझा अंदाज आहे की कोणीतरी म्हणाले असेल, ‘बाईंकडे पैसे सुरक्षित राहतील,’ आणि सभा संपली असेल.

आता आदेशाच्या कामाबद्दल. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून मोकळे केले असले, तरी दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका ही तीन कामे त्याच कलमाने वगळून ठेवली आहेत, त्यामुळे बीएलओची नेमणूक नाकारण्याचा सल्ला मी देणार नाही. २०२७ च्या जनगणनेचे कामही शिक्षकांच्या अंगावर येणारच आहे. मतदार यादीचे आणि निवडणुकीचे काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे, शिकवण्याच्या वेळात सहसा देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले. निर्णय मुलांच्या हिताचा होता आणि मला तो योग्यच वाटतो. मात्र त्याचा हिशोब घराच्या बाजूने कोणी केला नाही. शाळेचा मंगळवार वाचला तो रविवार खर्ची घालून, आणि तो रविवार तुमच्या मुलीचा, सासूबाईंचा आणि पतींचा होता. म्हणून ज्या महिन्यांत यादीच्या पुनरीक्षणाचे काम निघते, त्या महिन्यांत तुमची स्वेच्छेची कामे आपोआप कमी झाली पाहिजेत, असा नियम स्वतःशीच करून ठेवा. आदेशाचे काम वाढले की हौसेचे काम तेवढेच घटवायचे. आपण नेमके उलटे करतो. आदेशाच्या कामाचा कंटाळा आला की त्याची भरपाई म्हणून आणखी एखादे आवडीचे काम अंगावर घेतो, आणि हे मी स्वतः अनेक वर्षे केले आहे.

त्या वर्षांतली एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. १९९० नंतर आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत संपूर्ण साक्षरता मोहिमा सुरू झाल्या, तेव्हा मी एका लहान गावात शिकवत होते आणि शाळेजवळच भाड्याच्या दोन खोल्यांत आमचे बिऱ्हाड होते. बायकांचा साक्षरता वर्ग मी रात्री आठ वाजता मारुतीच्या देवळात घेत असे. वीज संध्याकाळी हमखास जायची. आमच्या घरात चांगल्या काचेचा कंदील एकच होता आणि बाकी रॉकेलच्या दोन चिमण्या होत्या. कंदील मी वर्गावर नेई, कारण पंधरा बायकांना प्रवेशिकेतली अक्षरे चिमणीच्या उजेडात दिसणे शक्यच नव्हते. दोन महिने असे चालले. एका रात्री साडेनऊला मी घरात शिरले, तर केस जळल्याचा वास आला. माझा सात वर्षांचा मुलगा चिमणीपाशी वाकून पाढे लिहीत बसला होता आणि त्याच्या कपाळावरची झुलपे ज्योतीला लागून जळाली होती. त्याला इजा काही झाली नव्हती. सासूबाईंनी त्याच्या कपाळाला खोबरेल तेल लावले होते आणि वहीवर जळक्या केसांचे काळे कण तसेच पडले होते.

त्या रात्री सासूबाई काहीही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कंदील उचलला तेव्हा चुलीपुढून मान वर न करता त्या एवढेच म्हणाल्या, ‘कंदील घराचा आहे. नेताना विचारून नेत जा.’ मला अतिशय राग आला. मी सरकारी मोहिमेचे, बायकांच्या भल्याचे काम करते आहे आणि स्वतः अंगठा उठवणाऱ्या सासूबाई मला अडवत आहेत, असा अर्थ मी त्यातून काढला. त्या दिवशी मी कंदील न नेताच गेले आणि वर्ग झालाच नाही. तिसऱ्या दिवशी मात्र, थोडे तोंड वाकडे करूनच, मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘ने. पण आठला नको, साडेआठला ने. तोवर पोराचा अभ्यास होऊ दे.’ मी देवळात जाऊन वर्गाची वेळ बदलल्याचे सांगितले, तेव्हा बायकांना हायसे वाटले. आठ वाजेपर्यंत कोणाचीच भांडी आवरत नव्हती आणि उशिरा येण्याची त्यांना लाज वाटत होती, हे मला दोन महिन्यांत कळलेच नव्हते. पुढे संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसून आणि वात कातरून तयार असायची. सासूबाई वर्गाला एकदाही आल्या नाहीत आणि शेवटपर्यंत त्यांनी सही शिकली नाही. मात्र तो वर्ग वर्षभर चालला त्यात त्यांचा वाटा माझ्याइतकाच होता.

तुम्ही गावाला वेळ देता, पण तो सगळाच्या सगळा तुमच्या मालकीचा नाही, एवढेच मला या गोष्टीतून सांगायचे आहे. त्यातला काही भाग पती देतात, काही सासूबाई देतात, काही सहावीतली मुलगी देते. त्यांनी तो दिला असता, कदाचित आनंदाने दिला असता, परंतु त्यांना कोणी विचारलेच नाही. दुखणे न विचारण्याचे आहे, कामाचे नाही. सावित्रीबाईंचे नाव आपण एकाकी त्यागाचे उदाहरण म्हणून घेतो आणि शिक्षिकांना त्या उदाहरणाने ओशाळे करतो, तेव्हा हीच बाजू विसरली जाते. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले ते फुले दांपत्याच्या स्वतःच्या घरी, दोघांच्या निर्णयाने. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या तेव्हा दवाखाना चालवणारे डॉक्टर यशवंत हे त्यांचे दत्तक पुत्र होते. त्या कामात घर शिरलेले होते. दारामागे कुढत बसलेल्या घराला डावलून ते काम चालले नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर माझ्या म्हणण्याचा भलताच अर्थ निघेल. शाळा सुटल्यावर गावाच्या कामात रात्रीपर्यंत गुंतलेले गुरुजी मी शेकड्यांनी पाहिले. त्यांच्यापैकी एकाच्याही पत्नीने मला असे पत्र लिहिलेले नाही आणि कोणत्याही पालक सभेत ‘मुलीचे वडील काय करतात’ या प्रश्नाला कडू उत्तर मिळालेले मी ऐकलेले नाही. पुरुषाच्या समाजकार्याला घर गृहीत धरलेले असते आणि बाईच्या समाजकार्याचा घराला हिशोब द्यावा लागतो, हा अन्याय आहेच. तुम्ही अपराधी वाटून घ्यावे असे मला मुळीच वाटत नाही. मात्र त्या अन्यायाचा दाखला दिल्याने दिवसाचे तास वाढत नाहीत, म्हणून आपण तासांकडे वळू.

तुमच्या पत्रावरून मी जुळवणी केली. सकाळचा शिष्यवृत्ती वर्ग रोज दीड तास धरला तर सहा दिवसांचे ९ तास होतात. समाजमंदिरातला अभ्यासवर्ग तीन दिवस, दीड-दीड तासाप्रमाणे साडेचार तास, रविवारची पुस्तकपेटी २ तास आणि बचत गटाचे दप्तर दीड तास. म्हणजे आठवड्याला १७ तास झाले आणि यात घाटातली रविवारची वेगळी खेप, यात्रेचा हंगाम, बीएलओचे काम आणि मोबाइलवरचे केंद्राचे, पालकांचे, यात्रेचे, गटाचे सगळे ग्रुप धरलेलेच नाहीत. शिक्षण हक्क कायदा शिक्षकाकडून पूर्वतयारीसह आठवड्याला ४५ तासांची अपेक्षा करतो. त्यावर हे १७ तास म्हणजे दोन पूर्ण दिवसांहून अधिक काम तुम्ही वरून करत आहात. माझ्या आकड्यांत चूक असेल तर दुरुस्त करा, परंतु कागदावर लिहूनच करा. मनातल्या मनात केलेला हिशोब आपल्याला नेहमी सोयीचा तेवढाच होतो.

आता एकेका चावीविषयी. यात्रा कमिटीची चावी या आठवड्यातच परत करा. याबाबतीत माझे मत पक्के आहे आणि त्याचे कारण तुमचा थकवा नाही. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय वर्गणी मागता किंवा स्वीकारता येत नाही, आणि खजिनदार होणे म्हणजे पावतीपुस्तकावर सही करून तेच करणे आहे. शिवाय ग्रामपंचायतीची निवडणूक आली की यात्रेच्या जमाखर्चावरून पहिले भांडण होते, आणि दोन पॅनेलांच्या मध्ये शिक्षिकेची वही सापडणे शाळेच्याही हिताचे नाही. सरपंचांना सांगताना घरच्या अडचणींची यादी वाचू नका, कारण प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे तोडगा असतो आणि त्या तोडग्यांना उत्तरे देता देता तुम्ही पुन्हा होकार देऊन बसाल. ‘नियमात बसत नाही, आजवरचा हिशोब लिहून आणला आहे, दोन सभासदांसमोर तपासून घ्या आणि पोच द्या,’ एवढेच म्हणा. पोच मात्र लेखी घ्या. हे काम जितक्या गोड शब्दांत सांगाल तितके ते लांबेल.

बचत गटाचे दप्तर हे त्या बायकांनी स्वतः शिकण्याचे काम आहे. तुमचा गट सरकारच्या बचत गटांसाठीच्या उमेद अभियानात असेल तर त्यासाठी गावातच समुदाय संसाधन व्यक्ती, म्हणजे तुम्ही लोक जिला सीआरपी ताई म्हणता ती असते, आणि नसेल तरी गटात दहावी झालेली एखादी सून असतेच. तुमचे अक्षर चांगले आहे, बेरीज चुकत नाही, म्हणून वही तुमच्याकडे आली. परिणाम असा झाला की आपल्याच पैशाचा हिशोब त्या बायकांना वाचता येत नाही. तीन बैठका तिच्या शेजारी बसा, चौथ्या बैठकीला चुका होऊ द्या आणि पाचव्या बैठकीला जाऊ नका.

शिष्यवृत्तीचा वर्ग बंद करू नका, कारण डोंगरातल्या मुलाला त्या परीक्षेने मिळणारा आत्मविश्वास मी पाहिलेला आहे. परंतु तो वर्षभर रोज घेण्याचेही कारण मला दिसत नाही. दिवाळीनंतर परीक्षेपर्यंत तो जोमाने चालवा आणि शाळा द्विशिक्षकी आहे तेव्हा तीन दिवस तुमचे आणि तीन दिवस गुरुजींचे, असे ठरवा. त्यांनी आजवर घेतला नाही याचे कारण त्यांना कोणी विचारले नाही, हेही असू शकते. नकार दिला तर तुम्ही तुमचे तीनच दिवस घ्या. उरलेले तीन दिवस भरून काढण्याची जबाबदारी तुमची नाही. पालक पेट्रोलसाठी दरमहा काही रक्कम गोळा करून देऊ म्हणतील तर ती कितीही प्रेमाची असली तरी हातात घेऊ नका. २८वे कलम शिक्षकाला खासगी शिकवणी करू देत नाही आणि विनामूल्य जादा वर्ग व शिकवणी यांतली रेषा पैसे घेतल्याबरोबर पुसली जाते.

संध्याकाळच्या वर्गाविषयी तुम्ही पत्रात लिहिले ते वाक्य तुमच्या बाकीच्या सगळ्या वाक्यांपेक्षा वेगळे होते. इतर कामांबद्दल तुम्ही ‘करावे लागते’ अशा सुरात लिहिता आणि या एकाच कामाबद्दल ‘मुले कुठे जातील’ असे विचारता. तुमच्या भागातली घरे मला माहीत आहेत. कर्ते पुरुष मुंबई-नवी मुंबईत माथाडी कामाला असतात, घरी आजी-आजोबा असतात, आणि संध्याकाळी मुलाच्या वहीकडे पाहणारे कोणी नसते. म्हणून हे काम ठेवा. ठेवायचे म्हणजे मात्र एकट्याने ओढायचे असे नव्हे. गावात बारावी किंवा पदवी होऊन घरी बसलेल्या एक-दोन मुली असतात. तुमच्या पहिल्या वर्षांतल्या विद्यार्थिनींपैकी कोणी आता अकरावीत असेल. त्यांच्यापैकी एकीला आठवड्यातला एक दिवस पूर्णपणे द्या. मुले गप्प बसवण्याचे काम देऊ नका, कारण त्यात कोणीही महिनाभरापेक्षा जास्त टिकत नाही. तिच्याकडे नेमका विषय सोपवा, पहिली-दुसरीच्या मुलांचे वाचन म्हणा किंवा पाढे. पहिला महिना तुम्ही मागे बसा. तिची चूक मुलांसमोर दुरुस्त करू नका, घरी जाताना फोनवर सांगा. उरलेले दोन दिवस तुमचे, आणि तेही साडेसहापर्यंतच, हिवाळ्यात त्याहून लवकर, म्हणजे दिवस मावळल्यावर घाट उतरण्याची वेळ येणार नाही. स्कूटीवरून अंधारात घाट उतरण्याविषयी तुम्ही पत्रात एक अवाक्षर लिहिलेले नाही. सासूबाई मात्र रोज त्याच वेळी दाराकडे पाहत असणार, याची मला खात्री आहे.

समाजमंदिराची चावी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने समितीच्या एखाद्या सदस्य आईकडे जाऊ द्या. या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे कायदाच सांगतो. तुमच्या गावात ही समिती सह्यांपुरती उरली असेल तर तिला कुलूप उघडण्यासारखे साधे, रोजचे, हाताने करण्याचे एक काम देऊन पाहा. ठरावावर सही करणारी बाई वर्षातून चार वेळा शाळेत येते. चावी सांभाळणारी बाई रोज येते, आणि रोज आली की तिला गळके छप्पर दिसते, बंद पडलेला नळ दिसतो आणि ग्रामसभेत बोलायला विषय मिळतो.

हे सर्व गावात सांगण्यापूर्वी घरी बोलायचे आहे आणि तुम्हाला तेच सर्वांत अवघड जाईल. रात्रीच्या जेवणावर तो विषय काढू नका, तुमच्या घरात जेवण आणि तो विषय एकदा एकत्र येऊन गेले आहेत. रविवारी सकाळी, चहाच्या वेळी, तो १७ तासांचा कागद चौघांसमोर ठेवा. ‘मी हे कमी करणार आहे’ असे जाहीर करू नका, कारण मग तो तुमचा आणखी एक त्याग होऊन बसतो आणि घरच्यांना त्याच्या ओझ्याखाली राहावे लागते. विचारा, ‘यातले कोणते मी करावे, आणि ते करताना घरातले कोणते काम कोण घेईल?’ मुलीला आधी बोलू द्या. ती कदाचित तुम्हाला धक्का देईल असे काही म्हणेल, उदाहरणार्थ रविवारच्या पेटीला तिला तुमच्याबरोबर यायचे आहे असे, किंवा तिला त्या गावाचे नावही ऐकायचे नाही असे. दोन्ही ऐकून घेण्याची तयारी ठेवा आणि ती यायला तयार नसेल तर तिला ओढून नेऊ नका. आईच्या समाजकार्यात सक्तीने भरती झालेल्या मुलांना मोठेपणी त्या कामाचा तिटकारा वाटतो, हे मी माझ्या मैत्रिणींच्या घरी पाहिले आहे.

पतींशी मात्र एकट्याने बोलावे लागेल. त्यांचे वाक्य कडू होते आणि ते तुमच्या मुलीच्या शिक्षिकेसमोर बोलणे गैर होते, हे त्यांना सांगा. पण तेवढेच सांगून थांबू नका. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की ‘नेहमीप्रमाणे हेच गेले.’ त्या ‘नेहमीप्रमाणे’त अनेक वर्षांच्या पालक सभा आहेत, शस्त्रक्रियेनंतर आईला व्यायामासाठी घेऊन जाणे आहे, पतसंस्थेतून घरी येऊन कुकर लावणे आहे. गावाने पंधरा ऑगस्टला शाल आणि नारळ दिला असेल तो तुम्हाला, आणि त्या कार्यक्रमाला ते आले असतील तर मागच्या रांगेत उभे राहिले असतील. त्यांनी टोमणा मारला, तरी पुढच्या सभेलाही तेच जाणार होते. हे तुम्ही पाहिले आहे, एवढे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू येऊ द्या. त्यावर ते काय म्हणतील याची वाट पाहू नका, पुरुष अशा वेळी बहुधा वर्तमानपत्र उघडतात.

मुलाच्या दहावीविषयी एक व्यवहाराची बाब. राज्य शासनाने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवाकाळात १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली आहे आणि मूल १८ वर्षांचे होईपर्यंत ती घेता येते. मुलांच्या परीक्षेसाठी ती घेण्याचा संकोच अनेकींना वाटतो, तुम्ही वाटून घेऊ नका. ती हक्क म्हणून आपोआप मंजूर होत नाही आणि द्विशिक्षकी शाळेत तर केंद्रप्रमुखांना पर्यायी व्यवस्था करावी लागते, म्हणून परीक्षेच्या तोंडावर अर्ज न देता दोन-अडीच महिने आधी द्या.

राहिली ती पुस्तकांची पेटी. या गावात तुमची सहा वर्षे झाली आहेत आणि बदलीची यादी ऑनलाइन लागते, तेव्हा ती तुम्हाला निरोप समारंभाची तयारी करायला वेळ देत नाही. बाई बदलून गेल्या आणि पेटी कुलूपबंद राहिली, अशा पेट्या मी तीन गावांत पाहिल्या. एकीत उंदरांनी पिल्ले घातली होती आणि कुलूप मात्र शाबूत होते. तालुक्याच्या आठवडे बाजारात चावीवाला बसतो, त्याच्याकडून पेटीच्या दोन चाव्या करून घ्या. एक चौथीतल्या एखाद्या वाचणाऱ्या मुलाच्या आजीकडे द्या, कारण आजी रविवारी घरीच असते आणि कोणाकडे कोणते पुस्तक आहे हे ती नोंदवहीशिवाय सांगू शकते. दुसरी त्या अभ्यासवर्गातल्या मुलीकडे राहू द्या. तुम्ही महिन्यातून एका रविवारी जा, आणि त्या रविवारी बीएलओचे काम असेल तर जाऊ नका.

सासूबाईंना आणि मुलांना माझे आशीर्वाद सांगा. आणि मुलीच्या पुढच्या पालक सभेची तारीख पतींना विचारून घ्या, त्या दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज आधीच देऊन ठेवा, आणि कारण लिहिताना ‘घरगुती अडचण’ असे न लिहिता ‘मुलीची पालक सभा’ असे लिहा.